पाटीवरचं नाव

मोजायला सुरुवात केली त्या दिवशी हॉटेलात सात टेबलं होती, अठ्ठावीस खुर्च्या होत्या आणि राखदाण्या अकरा. त्यातल्या नऊ पत्र्याच्या, दोन म्हणजे कप फुटून मागं उरलेल्या बश्या. सकाळी झाडून घेतलेल्या फरशीवर संध्याकाळी एकशे त्रेचाळीस थोटकं सापडली. एकशे सहा बिडीची, सदतीस सिगारेटची. दाराच्या डाव्या बाजूला काथ्याची एक रस्सी लटकत होती आणि तिचं खालचं टोक जळत होतं. तव्यापासून सगळ्यात जवळचं टेबल दोन मीटर दहा सेंटिमीटरवर होतं. आणि तव्यामागं बसणाऱ्या रामीबाईंचा श्वास एकशे नव्वद होता.

श्वास असा आकड्यात सांगता येतो, हे रामीबाईंना दोन महिन्यांपूर्वी माहीत नव्हतं. यवतमाळच्या छातीच्या डॉक्टरांनी त्यांना पंप लिहून दिला आणि सोबत एक साधन विकत घ्यायला सांगितलं. वीतभर प्लास्टिकची नळी, तिच्या पाठीवर आकडे, आकड्यांवरून सरकणारा लाल काटा. उभं राहायचं, छाती भरून घ्यायची, एका झटक्यात फुंकायचं. काटा थांबेल तो आकडा, म्हणजे मिनिटाला तितके लिटर हवा. रामीबाईंच्या वयाच्या आणि उंचीच्या बाईचा तीनशे चाळीसच्या आसपास यायला हवा, असं डॉक्टर म्हणाले होते.

रामीबाईंनी नळी उलटसुलट करून पाहिली.

"हे त फुंकणी हाय वं, काशी. अन् चूल कुठं हाय हिची?"

काशी म्हणजे कहकशां, मालकाची मुलगी. ती पाळण्यात होती तेव्हाच रामीबाईंच्या जिभेनं ते लांबलचक नाव सोयीपुरतं कापून घेतलं होतं. आता ती तेवीस वर्षांची होती, बी.एस्सी. झाली होती, पांढरकवड्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये दुपारपर्यंत रक्त तपासायची आणि दुपारनंतर हॉटेलात यायची. पण हाक तीच राहिली. घरात हिंदी आणि हॉटेलात वऱ्हाडी, असा तिच्या घराचा रिवाज होता, आणि हॉटेलातली वऱ्हाडी ती रामीबाईंच्या मांडीवर शिकली होती; कॉलेजनंतर मात्र तिच्या तोंडात पुस्तकातली मराठी बसली होती.

फुंकायचे नियम कहकशांनं ठरवले. रोज सकाळी सव्वासातला, उभं राहून, तीन वेळा. तिन्हींतला मोठा आकडा वहीत.

हॉटेल हैदराबादच्या रस्त्यावर होतं. पाटीवर त्याचं नाव 'हॉटेल नूर' होतं, पण नागपूरपासून आदिलाबादपर्यंतचे ट्रकवाले त्याला 'रस्सी' म्हणायचे. 'खाना रस्सी पे खायेंगे.' कहकशांच्या दादाजींनी हॉटेल काढलं तेव्हा काडेपेटी मागणाऱ्यांना कंटाळून त्यांनी दाराशी काथ्याची रस्सी लावली आणि तिचं टोक पेटवून दिलं. दिवसभर ती निखाऱ्यासारखी धुमसायची. येईल त्यानं वाकून बिडी लावायची. दादाजी गेले, रस्सी चालूच राहिली. रोज सकाळी ती पेटवायचं काम रामीबाईंचं. गॅसवर पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, काडी धरायची, पदराआड घेऊन दारापर्यंत न्यायची, रस्सीला लावायची, दोन फुंका मारायच्या. मग हॉटेल उघडलं.

या बाईनं आयुष्यात एकही बिडी ओढली नव्हती.

त्यांची भाकर ही हॉटेलची दुसरी ओळख. तवा मुद्दामच दर्शनी ठेवलेला, कारण ज्वारीची भाकर परातीत फिरताना बघायला माणसं थांबायची. रामीबाई बंजारा, त्यांच्या तांड्यातले दोन ड्रायव्हर त्यांना 'याडी' म्हणायचे, म्हणजे आई. बाकीच्यांना वाटलं हेच त्यांचं नाव. मग पंजाबचा असो की तेलंगणाचा, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस 'याडी, दो रोटी' असं म्हणू लागला.

कहकशांच्या वहीत आणखी एक जुना आकडा होता, पाचशे एकाहत्तर. कॉलेज यवतमाळला, पहिली एस.टी. पावणेसहाला. पोरीला रोज इतक्या दूर एकटीनं धाडायचं म्हटल्यावर अब्बांचा, म्हणजे मोहिउद्दीनभाईंचा, जीव वरखाली होऊ लागला होता. तेव्हा रामीबाई पीठ मळता मळता म्हणाल्या होत्या, "मी बसवून देत जाईन तिले गाडीत. तुमी काहून भेता?" आणि तीन वर्षं, कॉलेज असेल त्या प्रत्येक दिवशी, त्या तिच्यासोबत स्टँडपर्यंत चालत गेल्या आणि हातात गरम भाकरीचं फडकं ठेवून परतल्या. हजेरीपत्रकावरून कहकशांनं नंतर हिशेब काढला. पाचशे एकाहत्तर दिवस. पदवीचा कागद मिळाला तेव्हा तिनं तो आधी अब्बांना नाही, याडीला दाखवला. याडीनं तो उन्हात धरला आणि विचारलं, "याच्यात माह्या भाकरी कुठं लिवल्या?"

तर, श्वास. पंप सुरू झाल्यावर आकडा एकशे ऐंशीवर आला आणि तिथंच बसून राहिला. मग नोव्हेंबरात रामीबाई पुतणीच्या लग्नाला तांड्यात गेल्या, आठ दिवस. कहकशांनं फुंकणी सोबत दिली होती आणि त्यांच्या नातीला, खुशीला, आकडा लिहायला शिकवलं होतं. आठव्या दिवसाचा आकडा दोनशे तीस. हॉटेलात परत आल्यावर पाचव्या दिवशी एकशे नव्वद.

कहकशां वही घेऊन अब्बांसमोर बसली. पंप तोच, बाई तीच, फुंकणी तीच. तांड्यातही गॅस, इथंही गॅस. मग बदललं काय?

"हवा बदलली," अब्बा म्हणाले. "गावची हवा."

"गावच्या हवेत काय नाही, ते सांगा."

अब्बांनी टेबलांकडे पाहिलं. चार टेबलांवरून निळसर धूर निवांत वर जात होता आणि पंख्यापाशी पोचून तव्याकडे वळत होता.

उघड बोलला तो संजय, रामीबाईंचा मुलगा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो मोटरसायकलवर आला, चहा घेतला आणि सरळ विषयावर आला.

"चाचा, मी मायले न्यायले आलो. डॉक्टर मले सोताच बोलला. आकडा अडीचशेच्या वर नाई चढला त ही जागा सोडा म्हने."

"मले नाई यायचं," तव्यामागून आवाज आला.

"काहून?"

"तांड्यात मले कोन याडी म्हनते? तुह्यी बायको सासू म्हनते. अन् थेही तोंडावर."

हॉटेलातली दोन-चार माणसं हसली. संजय हसला नाही. खोकल्यानं वाकलेली आई त्यानं पाहिली होती. त्यानं मोहिउद्दीनभाईंकडे वळून हात जोडले. "चाचा, तुमचे उपकार मी इसरलो नाई. माह्या बापाच्या मागं या तव्यानं आमाले जगवलं. पन मले माय पायजे."

कहकशां मध्ये बोलली. "संजयभाऊ, संक्रांतीपर्यंत थांबा. त्या दिवशी तुमच्यासमोर फुंकायला लावते. अडीचशेच्या वर आला तर याडी इथं राहील, नाही आला तर मी स्वतः तांड्यात सोडून येईन."

संजयनं तिच्याकडे, मग आईकडे पाहिलं. "संक्रांत. त्याच्या पुढं एक दिवस नाई."

मोजणी सुरू झाली ती दुसऱ्या दिवसापासून. टेबलं, खुर्च्या, राखदाण्या, थोटकं.

योगायोग असा की त्याच आठवड्यात तालुक्याचं पथक रस्त्यावरच्या हॉटेलांतून फिरलं. कोणालाही दंड केला नाही. एक छापील कागद दिला, सभ्यपणे समजावून सांगितलं आणि पुढच्या वेळी पावती फाडू असं बजावून गेलं. कागदावर होतं की हॉटेलात धूम्रपान बंद. मालकानं राखदाणी, काडेपेटी, लायटर वगैरे काहीही पुरवू नये. दाराशी साठ बाय तीस सेंटिमीटरची पाटी लावावी. आणि शेवटी, तीस किंवा जास्त माणसं बसायची सोय असेल तर धूम्रपानासाठी वेगळी खोली करता येईल.

अब्बांनी सगळा कागद वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आपल्या खुर्च्या किती, बेटा?"

"अठ्ठावीस."

संध्याकाळी घरातल्या दोन खुर्च्या हॉटेलात आल्या. एक निळी, एक पाय आखूड असलेली. अब्बांचा चेहरा उजळला होता. सामानाची खोली रिकामी करायची, ट्रकवाल्यांनी तिथं बसून ओढायचं, याडीच्या बाजूला धूरही नाही आणि गिऱ्हाईकही तुटत नाही. परवेज मिस्त्रीला बोलावणं गेलं. परवेज भिंत फोडायचा आणि वेळ पडली तर पाट्याही रंगवायचा. पांढरकवड्यात एका धंद्यावर कोणाचं भागत नाही.

"पंखा कुठं बसवू?" परवेजनं विचारलं.

"खिडकी हाय ना एक."

कहकशांनं कागद पुन्हा वाचला. खोलीला चारी भिंती छतापर्यंत हव्यात, दार आपोआप मिटणारं हवं, धूर थेट बाहेर जायला हवा, बाकीच्या हवेत मिसळता कामा नये. ती खोलीत जाऊन उभी राहिली. तीन भिंती शेजाऱ्यांच्या गोदामांना लागून. चौथीत ती एक खिडकी. खिडकी उघडायची कुठं, हे हॉटेलात सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नव्हतं.

"अब्बा, याडीला थोडा वेळ बाहेर नेऊ या. अन् तुम्ही तिच्या जागी बसा."

"मी? भाकरी करू?"

"नुसते बसा. चार मिनिटं."

तिनं रस्सीचं वीतभर जळतं टोक कापलं, डब्याच्या झाकणात ठेवलं आणि ते आत नेलं. खिडकीत टेबलफॅन उलटा लावला, एक्झॉस्ट जसा लागणार होता तसा. दार ओढून घेतलं आणि मोबाइलवर वेळ लावली.

पहिल्या मिनिटाला अब्बा परातीकडे बघत बसले होते. दुसऱ्या मिनिटाला धुराची एक पट्टी तव्यामागच्या त्या खिडकीतून निघाली, पिठावरून सरपटत आली आणि त्यांच्या नाकापाशी उभी राहिली. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी रुमाल काढला. चौथं मिनिट पुरं व्हायच्या आधीच ते उठले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते सगळं धुराचंच होतं असं परवेजला वाटलं नाही.

"बाबा गेले तेव्हा आठ दिवस हॉटेल बंद होतं," ते म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही. "मले काई सुचेच ना. नवव्या दिवशी हे बाई आली अन् तवा ठेवला. उघडू का, असं विचारलं नाई. मीबी म्हनलं नाई काई. म्हनायचं राहूनच गेलं, पाह्य." त्यांनी रुमाल घडी करून खिशात घातला. "परवेज, भिंत नको फोडू. पाटी रंगव."

निळी खुर्ची आणि आखूड पायाची खुर्ची घरी परत गेल्या. अकराही राखदाण्या पोत्यात गेल्या.

दुसऱ्या दिवशी कहकशां लॅबमधून आली तेव्हा पाटी लागलेली होती. तिनं टेप लावून पाहिली. साठ बाय तीस, चूक नाही. परवेजच्या मोबाइलमध्ये कुठल्याशा पाटीचा फोटो होता, त्यावरून त्यानं मजकूर उतरवला होता. हिरव्या रंगात, वळणदार अक्षरात:

धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे हा अपराध आहे.
तक्रार करावयाची व्यक्ती: रामीबाई उत्तमसिंग राठोड
हुद्दा: याडी
संपर्क: तव्याजवळ

कहकशांनं दोनदा वाचलं.

"अब्बा, हे काय?"

"काय म्हनजे? तक्रार करावयाची व्यक्ती. आपल्याकडं धुराची तक्रार कोन करते? मी करतो का? परवेज करते का?"

"तसं नसतं ते. ज्याच्याकडे तक्रार करायची त्याचं नाव लिहायचं. तुमचं. फोन नंबर लिहायचा."

अब्बांनी पाटीकडे पाहिलं, परवेजकडे पाहिलं. परवेज म्हणाला, "ज्याच्याकडं असं कुठं लिवलं हाय? फोटोत हाय तेच लिवलं मी. अन् आता रंग ओला हाय. पुसाल त सगळंच हिरवं होईन."

एवढ्यात रामीबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "काय लिवलं वं?"

"तुझं नाव आहे, याडी. पूर्ण नाव. उत्तमसिंगबाबांच्या नावासकट."

"माह्यं? रंगानं?"

आजवर त्यांचं नाव रेशनकार्डावर होतं, आधारकार्डावर होतं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. त्या पाटीजवळ गेल्या आणि अक्षरांवरून हळूच बोट फिरवलं. बोटाला हिरवा रंग लागला. तो त्यांनी पुसला नाही. तसंच परत जाऊन बसल्या, आणि त्या दुपारच्या पहिल्या भाकरीच्या काठावर हिरवट ठिपका आला, तो कहकशांनं मुकाट्यानं काढून टाकला.

दोन वाजता नागोराव आले. वणीकडून सिमेंट घेऊन हैदराबादला जायचे. या हॉटेलात जेवायला लागून त्यांना एकोणीस वर्षं झाली होती. ठरलेल्या खुर्चीत बसले, खिशातून बिडी काढली, कानावर खोसलेली काडी काढली, आणि त्यांची नजर पाटीवर गेली. ओठांत बिडी तशीच ठेवून त्यांनी एकेक शब्द वाचला. मग मान मागं टाकून हसले.

"याडी! तू माह्यी तक्रार करशीन?"

"करीन ना. सरकारानं मले हुद्दा देल्ला."

"कोनाजवळ करशीन?"

"तुह्या भाकरीजवळ. करपून येईन."

"बाप्पा! हे त दंडापेक्षा जबर झालं." नागोरावांनी बिडी ओठांतून काढली, कानामागं ठेवली. "दोनशे रुपये फेकून मारता येते हो. याडीची करपेल भाकर कोन खाईन?"

शेजारच्या टेबलावरच्या तेलंगणाच्या ड्रायव्हरनं विचारलं, "क्या लिखा है?" नागोरावांनी भाषांतर केलं: "लिखा है, धुआँ मारेगा तो याडी शिकायत करेगी." त्या ड्रायव्हरनं तव्याकडे पाहिलं, हातातली सिगारेट पाण्याच्या ग्लासात बुडवली आणि चोरासारखं म्हणाला, "सॉरी, याडी."

पाटी बदलायची नाही, असं त्याच क्षणी ठरलं. पण कहकशांला चुकीची पाटी ठेवणं जमेना. तिनं परवेजकडून खाली आणखी एक ओळ लिहून घेतली: 'तक्रार ऐकणारे: मोहिउद्दीन, मालक, गल्ल्यावर', आणि फोन नंबर. आता करणारीही होती, ऐकणाराही होता.

सगळेच नागोराव नव्हते. रस्सी दारातून काढून अंगणातल्या कडुनिंबाला बांधली होती, पण पावसाळी चेहरा करून "बैठे बैठे नहीं पी सकते तो क्या फायदा" म्हणत पुढच्या ढाब्यावर जाणारेही होते. कहकशां रोज भाकरी मोजायची. डिसेंबरच्या सुरुवातीला दिवसाला सरासरी दोनशे बारा. पाटीनंतरच्या आठवड्यात एकशे अठ्ठावन्न. अब्बा तो आकडा ऐकायचे आणि फडकं घेऊन स्वच्छ टेबल पुन्हा पुसायचे. पुढच्या आठवड्यात एकशे एकाहत्तर. खाणाऱ्यांत पाच-सहा घरांतली मंडळी होती, बायका-पोरांना घेऊन कारमधून उतरलेली, यापूर्वी या दारात कधी न थांबलेली. एका बाईनं जाताना तव्यापाशी येऊन रामीबाईंना सांगितलं, "मावशी, माझ्या पोराला दमा आहे. आम्ही बाहेर कुठं बसूनच जेवत नव्हतो." रामीबाईंनी त्या पोराला बोलावलं, फुंकणी दाखवली. "हे पाह्य, मीबी फुंकते." कहकशांनं लगेच पोरासाठी वेगळी कागदी तोंडनळी काढली, एकाची नळी दुसऱ्याच्या तोंडात जाऊ द्यायची नाही, हा तिचा कायदा पथकापेक्षा कडक होता.

पण फुंकणीचा काटा रखडला होता. एकशे नव्वद, दोनशे, दोनशे दहा, आणि मग दोनशे वीस. नाताळ गेला, दोनशे वीस. एक तारीख उजाडली, दोनशे वीस. संक्रांतीला तेरा दिवस उरले.

"तांड्यात दोनशे तीस होता," कहकशां वहीवर पेन्सिल आपटत म्हणाली. "इथं आता तेवढाही नाही. आत कोणी ओढत नाही. मग?"

"बुढी झाली मी, काशी. दुसरं काय."

"आठ दिवसांत कोणी तरुण होऊन परत म्हातारं होत नाही, याडी."

दोन जानेवारीला कहकशांनं लॅबमधून सुट्टी घेतली आणि सकाळी साडेसहापासून हॉटेलात बसून रामीबाई काय काय करतात ते मिनिटागणिक लिहून काढलं. सहा चाळीस, पीठ चाळलं. तोंडावर पदर होता. सहा पन्नास, गॅस पेटवला. सात वाजता पऱ्हाटीची काडी गॅसवर धरली, पदराआड घेतली आणि अंगणात गेल्या. कडुनिंबापाशी वाकल्या. रस्सी दवानं ओली झाली होती, पेटेना. त्यांनी तोंड अगदी टोकाशी नेलं आणि फुंकलं. पुन्हा फुंकलं. धूर तोंडावर आला, खोकल्या, पुन्हा फुंकलं. सात दहाला रस्सी पेटली.

सात पंधराला त्या फुंकणी हातात घेऊन उभ्या राहिल्या. दोनशे वीस.

कहकशांनं कपाळावर हात मारून घेतला. रस्सी दारातून झाडाला गेली, थंडीतल्या दवात गेली, आणि पेटवायला दोन फुंकांऐवजी बारा लागू लागल्या. तिनं सगळं मोजलं होतं, पण तिच्या जन्माच्या आधीपासून रोज सकाळी जे व्हायचं ते मोजायचं तिला सुचलंच नव्हतं.

"याडी, ही रस्सी तू कशाला पेटवतेस?"

"मी नाई त कोन? तुह्या दादाजीची रस्सी हाय थे. इझली त हॉटेल उघडलं का नाई उघडलं, सारखंच."

अब्बा गल्ल्यावरून ऐकत होते. कागदावर काडेपेटी, लायटर वगैरे लिहिलं होतं; त्या 'वगैरे'मध्ये रस्सी येते हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं आणि मनाला ते कळू देत नव्हते. ते उठून झाडापाशी गेले. रस्सीवर हात फिरवला, जिथं वर्षानुवर्षांच्या हातांनी ती गुळगुळीत झाली होती. मग टोक मातीत दाबून विझवलं आणि गाठ सोडली.

"बाबानं रस्सी लावली ती येनाऱ्याची सोय व्हावी म्हून," ते म्हणाले. "सोय दुसरीबी असते."

कोठीत न वापरलेल्या काथ्याचं एक अख्खं भेंडोळं पडून होतं. दुपारी परवेज आला, सोबत लाकडी बाजेचा जुना सांगाडा. तो आणि अब्बा कडुनिंबाखाली बसून बाज विणत होते. नागोराव परतीच्या खेपेला थांबले, तेही बाही सरसावून बसले; त्यांच्या बापाला विणता यायचं, म्हणे. तिन्ही माणसांना तीन पद्धती येत होत्या, त्यामुळे बाज मधोमध जरा तिरकी झाली. संध्याकाळी नागोराव तिच्यावर आडवे झाले, पाय लांब केले.

"मोहिउद्दीनभाई, आता या हॉटेलाले काय म्हनावं?"

"रस्सीच म्हना. रस्सीवरच त लेटले तुमी."

दुसऱ्या दिवसापासून हॉटेल रस्सी न पेटवता उघडलं. पहिल्या सकाळी रामीबाई सात वाजता काडी हातात घेऊन उठल्या, दारापर्यंत गेल्या, आणि तशाच परत आल्या. मग काडी गॅसशेजारी ठेवून दिली आणि म्हणाल्या, "काशी, मले दहा मिनिटं भेटले वं. याचं काय करू?"

"बस. चहा पी."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच मालकाच्या मुलीनं चहा केला आणि रामीबाई तव्यामागं न बसता खुर्चीत बसल्या. अब्बांनी स्वतः बशी पुढं केली. "घ्या, रामीबाई." मग म्हणाले, "नवव्या दिवशी तुमी तवा ठेवला होता. मी तेव्हा काई बोललो नाई."

"आता बोलले ना," रामीबाई म्हणाल्या आणि चहात फुंकर घातली.

संक्रांतीच्या सकाळी संजय आला. सोबत खुशी होती आणि तिळाच्या लाडवांचा डबा. मोटरसायकलच्या मागं रिकामी दोरी बांधलेली होती, सामान न्यावं लागलं तर. कहकशांनं आधी फरशी पाहिली, टेबलांखाली, भिंतीच्या कडेनं. मग कागदी तोंडनळी बदलली, काटा शून्यावर आणला आणि घड्याळ बघत थांबली. खुशीच्या हातात वही दिली. संजय दारात उभा होता, अब्बा गल्ल्याशी, आणि बाजेवरून उठून आलेले नागोराव पाटीखाली.

सात पंधरा. रामीबाई उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि छाती भरून घेतली.

खुशीनं लिहिलं. खुर्च्या अठ्ठावीस. राखदाण्या शून्य. थोटकं शून्य. पहिली फुंक दोनशे चाळीस. दुसरी दोनशे पन्नास. तिसरी दोनशे साठ.